रकाने भरायला आलेली भाषा

१९९२ च्या सुमारास ब्राझीलच्या पेट्रोब्रास या तेल कंपनीतल्या इंजिनिअरांना एक कटकटीचे काम दिवसातून अनेकदा करावे लागे. सिम्युलेशनच्या जुन्या प्रोग्रॅमना हवी तशी डेटा फाइल तयार करायची. ही फाइल म्हणजे नुसते आकड्यांचे रकाने. कोणता आकडा जाडीचा आणि कोणता दाबाचा, याची कुठेही नोंद नाही, जागेवरून ओळखायचे. पंचकार्डांच्या जमान्यापासून चालत आलेली ही रीत. एखादा आकडा एक घर सरकला, की उत्तर चुकलेच म्हणून समजा.

हा त्रास कमी करण्यासाठी रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठातल्या, म्हणजे पीयूसी-रिओमधल्या, टेकग्राफ नावाच्या गटाने एक छोटी भाषा तयार केली. तिच्यातूनच पुढे लुआ जन्माला आली. आज लुआ संगणकावरच्या खेळांत आहे, वेब सर्व्हरांत आहे, फोटो सुधारण्याच्या आणि व्हिडिओ पाहण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, मराठी विकिपीडियाच्या पानांमागेही आहे. तेल कंपनीच्या फाइली भरायला काढलेली भाषा इतक्या ठिकाणी कशी पोचली, हे नीट पाहायचे तर सुरुवात तिच्या पहिल्या गिऱ्हाइकापासूनच करावी लागते.

ब्राझीलमध्ये १९७७ ते १९९२ या काळात संगणकाच्या क्षेत्रात कडक आयातनिर्बंध होते. परदेशातून खास सॉफ्टवेअर करून घ्यायचे तर आधी ते देशातल्या कंपन्यांना जमणार नाही, हे सरकारदरबारी सिद्ध करावे लागे. लायसन्स-परमिटचा काळ पाहिलेल्या आपल्या वाचकांना यापुढचे सांगायला नको. त्यामुळे हवे ते इथेच करून घ्या, असा मामला होता आणि १९८७ मध्ये सुरू झालेल्या टेकग्राफकडे कामाची कमतरता नव्हती.

इंजिनिअरांसाठी टेकग्राफने केलेल्या भाषेचे नाव डेल. तिच्यात प्रोग्रॅमिंग असे जवळजवळ नव्हतेच. एका वस्तूचे नाव लिहायचे आणि तिच्याखाली एकेका ओळीवर तिची माहिती: हा मजकूर, हा अपूर्णांक, याची नेहमीची किंमत शून्य. त्यावरून माहिती भरायचा फॉर्म तयार होई आणि शेवटी तो रकान्यांचा नमुनाही निघे. त्याच सुमारास टेकग्राफमधले दुसरे काही जण, पुन्हा पेट्रोब्राससाठीच, खडकांच्या थरांचे आलेख काढणारा प्रोग्रॅम लिहीत होते. पानावर कोणता आलेख कुठे आणि कसा यावा हे वापरणाऱ्याने ठरवायचे होते, म्हणून त्यांनीही एक भाषा केली. तिचे नाव सोल.

मग गिऱ्हाइके नेहमी जे करतात तेच त्यांनी केले. डेल वापरणारे म्हणू लागले, अमुक किंमत अमुकपेक्षा जास्त असेल तरच पुढचा रकाना विचारता येईल का? हेच दहा वेळा आपोआप करता येईल का? म्हणजे त्यांना अटी हव्या होत्या, आवर्तने हवी होती. थोडक्यात, खरीखुरी प्रोग्रॅमिंगची भाषा हवी होती, फक्त तसे त्यांनी म्हटले नव्हते. १९९३ च्या मध्यावर रॉबर्टो इयेरुसालिम्स्की, लुईस एन्रिके दे फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस एकत्र बसले आणि दोन्ही अर्धवट भाषांच्या जागी एकच पुरी भाषा करायची असे ठरले. सोल म्हणजे पोर्तुगीजमध्ये सूर्य, म्हणून एका मित्राने नव्या भाषेला लुआ, म्हणजे चंद्र, हे नाव सुचवले.

बाजारात असलेली एखादी भाषा घेतली असती तर? त्यांनी तोही विचार केला होता. टिकल फक्त युनिक्सवर चालत होती आणि तिची लिहिण्याची पद्धत विचित्र होती. लिस्पच्या कुटुंबातल्या भाषांचे कंस पाहून पेट्रोब्रासचे इंजिनिअर पळाले असते. पायथन तेव्हा बाल्यावस्थेत होती. आणि गिऱ्हाइकांकडे डॉसपासून युनिक्सपर्यंत सगळ्या तऱ्हेची यंत्रे होती, त्यामुळे जे करायचे ते कुठेही चालायला हवे होते. म्हणून लुआ साध्या, प्रमाण सी भाषेत लिहिली गेली. आजही तिचा सगळा सोर्स कोड सीच्या सुमारे ३०,००० ओळींत मावतो.

आता एक गोष्ट जवळून पाहू, कारण लुआच्या पुढच्या प्रवासाचे मूळ तिच्यात आहे. समजायला सोपे जावे म्हणून नावे देवनागरीत लिहितो. खऱ्या लुआत चलांची आणि फंक्शनांची नावे रोमन लिपीतच द्यावी लागतात.

थर{ खोली = २१५०, खडक = "वालुकाश्म", जाडी = १२ }

इंजिनिअरला ही एक नोंद दिसते. एका थराची माहिती, नाव आणि किंमत अशा जोड्यांत. रकान्यांच्या फाइलीपेक्षा कितीतरी बरी, कारण काय कशाचे आहे ते शेजारीच लिहिलेले आहे. लुआला मात्र इथे वेगळेच दिसते. महिरपी कंसातला मजकूर म्हणजे एक टेबल, म्हणजे नाव-किंमत जोड्यांचा संच. आणि ‘थर’ हे एका फंक्शनचे नाव. फंक्शनला एकच टेबल द्यायचे असेल तर नेहमीचे गोल कंस गाळायची मुभा लुआ देते. म्हणजे ही नोंद दिसायला डेटा आहे, पण प्रत्यक्षात ‘थर’ या फंक्शनला दिलेली हाक आहे. त्या फंक्शनमध्ये प्रोग्रॅमर हवे ते करू शकतो: खोली दिली आहे का ते तपासा, ती संख्याच आहे ना ते बघा, जाडी दिली नसेल तर नेहमीची किंमत घाला, मग आलेख काढा. फाइल वाचण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लिहायची गरजच उरली नाही. फाइल चालवली की ती वाचली जाते.

डेटा आणि प्रोग्रॅम यांच्यातली भिंत इतकी पातळ करणारी ही युक्ती सोलकडून आली. ती एका तेल कंपनीच्या आलेखांसाठी होती. पण नोंदी लिहायच्या आणि हवे तिथे त्यात थोडे डोके घालायचे, ही गरज काही पेट्रोब्रासची एकट्याची नव्हती.

दुसरी गोष्ट म्हणजे लुआचे यजमानाशी असलेले नाते. लुआ एकटी चालू शकते, पण ती घडवली गेली दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत राहण्यासाठी. घर सीमध्ये बांधलेले, लुआ त्यातली भाडेकरू. यात एक अवघड प्रश्न आहे. सीमध्ये प्रत्येक किंमतीचा प्रकार आधी सांगावा लागतो आणि मेमरी स्वतः सांभाळावी लागते. लुआत प्रकार आधी सांगायचा नसतो आणि नको असलेली मेमरी ती आपली आपण झाडून काढते. समजा सीने लुआतल्या एखाद्या वस्तूचा पत्ता स्वतःजवळ लिहून ठेवला आणि मधल्या वेळात लुआने ती वस्तू झाडून टाकली, तर तो पत्ता कशाचा?

लुआने यावर काढलेला तोडगा मला आजही सुबक वाटतो. सी आणि लुआ यांच्यामध्ये एक स्टॅक असतो, म्हणजे एकावर एक रचलेली चळत. सीला लुआतले एखादे फंक्शन वापरायचे असेल तर ती आधी ते फंक्शन चळतीवर ठेवते, मग त्याला द्यायच्या किंमती एकेक करून वर ठेवते आणि सांगते, वरच्या दोन किंमती घे आणि एक उत्तर दे. लुआ त्या उचलते, काम करते आणि उत्तर चळतीवर ठेवते. सी ते वाचते. लुआतली वस्तू सी थेट हातात घेतच नाही. सगळा व्यवहार चळतीवरून. आणि चळतीवर जे आहे ते वापरात आहे असे धरून लुआ त्याला हात लावत नाही.

यातून आणखी एक गोष्ट आपोआप साधते. लुआला बाहेरचे जग किती दिसावे हे यजमान ठरवतो. फाइल उघडण्याची, दुसरा प्रोग्रॅम चालवण्याची सोय द्यायची नसेल तर ती फंक्शने जोडायचीच नाहीत. लुआत लिहिणाऱ्याने कितीही डोके चालवले तरी जे जोडलेलेच नाही त्याला तो हाक मारू शकत नाही. पेट्रोब्रासमध्ये याची फारशी गरज नव्हती. अनोळखी माणसांनी लिहिलेला कोड चालवायची वेळ पुढे ज्यांच्यावर आली, त्यांना मात्र ही सोय आयतीच मिळाली.

पहिली उडी खेळांच्या जगात होती. डिसेंबर १९९६ च्या ‘डॉक्टर डॉब्ज जर्नल’ या अमेरिकी मासिकात लुआवर लेख आला. तो लुकासआर्ट्समधल्या ब्रेट मोगिलेफ्स्की यांनी वाचला. त्यांच्या कंपनीकडे खेळांच्या गोष्टी लिहायला १९८७ पासूनची स्वतःची भाषा होती, स्कम. तिच्या जागी त्यांनी लुआ आणली आणि १९९८ मध्ये ‘ग्रिम फँडँगो’ हा खेळ आला. २००० मध्ये आलेल्या ‘एस्केप फ्रॉम मंकी आयलंड’मध्ये तर मालिकेतल्या जुन्या ‘स्कम बार’ची पाटी बदलून ‘लुआ बार’ झाली.

खेळवाल्यांना लुआ का भावली? खेळाचे इंजिन सी किंवा सी प्लस प्लसमध्ये असते, कारण वेग हवा. पण राक्षसाने किती वेळ थांबून हल्ला करायचा हे ठरवणारा माणूस प्रोग्रॅमर असेलच असे नाही आणि प्रत्येक बारीक बदलासाठी सगळे इंजिन पुन्हा कंपाइल करणे परवडत नाही. म्हणजे प्रोग्रॅमिंग हा ज्याचा धंदा नाही अशा माणसाला सीमध्ये लिहिलेल्या मोठ्या यंत्राला सूचना द्यायच्या आहेत. पेट्रोब्रासच्या इंजिनिअराची गरज याहून वेगळी काय होती? माझ्या मते लुआचे काम बदलले असे म्हणण्यापेक्षा त्या कामाचा तेलाशी असलेला संबंध तुटला, असे म्हणणे जास्त बरोबर आहे.

२००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला आणि त्याने खेळणाऱ्यांनाच पडद्यावरची बटणे, तक्ते, खिडक्या लुआत लिहून बदलायची मुभा दिली. लुआ म्हणजे खेळांची भाषा ही ओळख इथे पक्की झाली, आणि तिचा परिणाम उलट भाषेवरही झाला. नको असलेली मेमरी झाडताना जुनी लुआ क्षणभर सगळे काम थांबवत असे. आलेख काढताना अर्धा क्षण गेला तर कुणाला कळते? खेळ मात्र त्या क्षणी अडखळतो. २००६ च्या ५.१ आवृत्तीत हे झाडणे थोडे थोडे, कामाच्या अधेमधे होऊ लागले.

त्यानंतरची घरे भराभर सांगून टाकतो. अडोबीच्या लाइटरूमचा मोठा भाग लुआत लिहिलेला आहे. व्हीएलसीची एक्स्टेन्शने तिच्यात लिहिता येतात. नेटवर्क तपासणारी एनमॅप आणि वायरशार्क, लेखनासाठीची निओव्हिम, अक्षरजुळणीची लुआटेक, वेब सर्व्हरवरची ओपनरेस्टी, सगळीकडे लुआ आहे. २०१२ पासून रेडिस या डेटाबेसमध्येही आहे, आणि तिथले काम विशेष आहे. तिकिटांच्या खिडकीवर एक जागा उरली आहे आणि दोघे एकाच वेळी मागत आहेत असे समजा. जागा आहे का ते पाहणे आणि ती कमी करणे या दोन पायऱ्यांच्या मध्ये दुसरा घुसला, तर एक जागा दोघांना विकली जाईल. रेडिसमध्ये या दोन्ही पायऱ्या एका छोट्या लुआ प्रोग्रॅममध्ये लिहिल्या, की तो संपेपर्यंत सर्व्हर दुसऱ्या कुणाचे ऐकतच नाही.

आपल्या जवळचे घर विकिपीडियाचे. तिथले साचे मुळात एकच मजकूर अनेक पानांवर आणण्यासाठी होते. पुढे त्यांत अटी आल्या आणि लोक महिरपी कंसांच्या जंगलात अक्षरशः प्रोग्रॅम लिहू लागले. डेलचीच कहाणी पुन्हा! संदर्भांनी भरलेली मोठी पाने तयार व्हायला फार वेळ लागू लागला, तेव्हा २०१३ मध्ये स्क्रिबंटो या विस्तारातून लुआ आणली गेली. लिहिणारा कुणीही असू शकतो, म्हणून फाइलींना हात लावायची सोय नाही आणि वेळेचीही मर्यादा असते. मराठी विकिपीडियावर लुआची पाने ‘विभाग’ या नामविश्वात असतात. त्यांतली बरीचशी इंग्रजीवरून आणलेली आहेत. काही विभागांत तर प्रोग्रॅम नसतोच. महिरपी कंसातले एक लांबलचक टेबल तेवढे असते. खडकांच्या थरांसाठी शोधलेल्या युक्तीचाच हा नवा उपयोग.

इथेच लुआचे जुने वळणही दिसते. ‘मराठी’ या शब्दाची लांबी लुआला विचारली तर उत्तर येते १५. आपण तीन अक्षरे वाचतो. युनिकोडच्या हिशेबाने ती पाच चिन्हे आहेत: म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, म्हणून पंधरा. लुआ फक्त बाइट मोजते. १९९३ मध्ये पोर्तुगीजचे एक अक्षर एका बाइटमध्ये मावत होते, तेव्हा बाइट मोजले काय आणि अक्षरे मोजली काय, सारखेच. ‘मराठी’मधले पहिले अक्षर मागितले तर ‘म’चा तिसरा हिस्सा हाती येतो आणि पडद्यावर काळा चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटते. म्हणून विकिपीडियाने स्वतःची युनिकोड समजणारी फंक्शने जोडली. ती पाच सांगतात. ‘क्षेत्र’ या शब्दाला साधी लुआ एकवीस म्हणते, विकिपीडियाची फंक्शने सात म्हणतात. दोन कुणीच म्हणत नाही.

तरी लुआला दोष देताना एक लक्षात ठेवावे. मजकुराचा अर्थ लावायच्या भानगडीत ती पडत नाही, म्हणूनच देवनागरी तिच्यातून जशीच्या तशी पार होते. टेबलातल्या किल्ल्याही अवतरणचिन्हांत देवनागरीत लिहिता येतात. ‘जिल्हा’ या किल्लीखाली ‘सातारा’ ठेवायला काहीच अडचण नाही.

आणखीही जुन्या खुणा आहेत. बहुतेक भाषा यादी शून्यापासून मोजतात, लुआ एकपासून. फोर्ट्रानच्या सवयीच्या इंजिनिअरांना हेच सरळ वाटणार, आणि मला विचाराल तर तेच सरळ आहे. पण ‘स्थानिक’ असे सांगायला विसरलात तर प्रत्येक चल सगळ्या प्रोग्रॅमला दिसतो, ही सवय मात्र वीस ओळींच्या फाइलीत शोभणारी होती. हजारो ओळींच्या कोडमध्ये ती डोकेदुखी आहे.

इतकी घरे झाल्यावर भाषा एक राहिली का? लुआच्या कर्त्यांनी जुन्या आवृत्त्यांशी सुसंगत राहण्याचे बंधन कधी मानले नाही. नवी आवृत्ती आली की काही जुने मोडते. भाषा आटोपशीर राहते ती त्यामुळेच. पण यजमानांना ते परवडत नाही; लाखो लोकांनी लिहिलेला कोड एका रात्रीत मोडता येत नाही. त्यामुळे बरेच जण ५.१ वरच थांबले. विकिपीडिया तिथे आहे, रेडिस तिथे आहे. माइक पॉल यांची अतिवेगवान लुआजिटही ५.१ चीच रीत पाळते. रोब्लॉक्स या खेळांच्या व्यासपीठाने तर ५.१ वरून स्वतःची लुआऊ केली, तिच्यात चलांचे प्रकार सांगायची सोय घातली आणि २०२१ मध्ये ती सगळ्यांना खुली केली. रिओची मूळ लुआ मधल्या काळात पुढे गेली. २०१५ च्या ५.३ मध्ये पूर्णांक वेगळे झाले आणि युनिकोडची चिन्हे मोजणारी फंक्शनेही आली, म्हणजे विकिपीडियाने आधीच स्वतः केलेले काम.

म्हणून लुआ शिकायची असेल तर आधी कुणाकडची ते ठरवा. विकिपीडियासाठी ५.१ ची माहिती पुस्तिका धरा, रोब्लॉक्ससाठी लुआऊची, निओव्हिमसाठी लुआजिटची. इयेरुसालिम्स्की यांच्या ‘प्रोग्रॅमिंग इन लुआ’ या पुस्तकाची २००३ ची पहिली आवृत्ती लुआच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येते. ती ५.० साठी लिहिलेली आहे, पण ५.१ ला बहुतेक सगळी लागू पडते. तिथेच दोन ओळी लिहून चालवून पाहायची सोयही आहे. आणि मराठी विकिपीडियावर हात चालवायचा असेल तर थेट चालू विभागात बदल करू नका. तो शेकडो पानांमागे असू शकतो. आधी धूळपाटीवर करून पाहा.